सीईटीच्या मॉकचा जमाखर्च: ७१ पासून १२४ पर्यंत

सांगलीत एका सीए ऑफिसात अकाउंट्स बघते. बी.कॉम. होऊन तीन वर्षं झाली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, क्लास लावलेला नाही. एमबीएच्या प्रवेशासाठीची एमबीए सीईटी २०२५ पहिल्यांदाच देतेय. नोकरी सांभाळून घरीच तयारी करणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून या नोंदी ठेवल्या. आकडे आले तसेच ठेवलेत, लाज वाटण्यासारखे आहेत तेही.

पेपरबद्दल एकदाच सांगते. २०० प्रश्न, १५० मिनिटं. प्रत्येकी एक गुण, पाच पर्याय, चुकीच्या उत्तराला वजावट नाही. लॉजिकल (तर्काचे) ७५, ॲबस्ट्रॅक्ट (आकृत्यांचे) २५, क्वांट (गणित) ५०, व्हर्बल (इंग्रजी) ५०. कुठल्या विभागाला किती वेळ द्यायचा ते आपण ठरवायचं. भागाकार केला तर एका प्रश्नाला ४५ सेकंद येतात. हे ४५ सेकंद मला पहिल्या दिवसापासून पाठ होते. त्याचा अर्थ कळायला तीन आठवडे गेले.

५ जानेवारी, रविवार. मॉक १: ७१

ऑनलाइन मॉक सिरीज, म्हणजे सराव परीक्षांचा संच घेतला, १,२९९ रुपये. पहिली मॉक पलंगावर बसून मोबाइलवर दिली. ही पहिली चूक. ॲबस्ट्रॅक्टच्या आकृत्या नखाएवढ्या दिसत होत्या, ठिपके तीन की चार ते बोटांनी मोठं करून बघावं लागत होतं. २५ पैकी ५ आले.

सोडवले ११८, बरोबर ७१. उरलेले ८२ रिकामे. दादाने निकाल बघितला आणि एवढंच विचारलं, "वजावट नाही ना? मग रिकामे का सोडलेस?" उत्तर नव्हतं. ऑफिसात व्हाउचर असल्याशिवाय एंट्री टाकायची नाही, अंदाजपंचे आकडा लिहायचा नाही, तीच सवय इथे आली. ८२ ठिकाणी डोळे मिटून ठोकलं असतं तरी पाचात एक या हिशोबाने सोळाएक मिळाले असते.

विभागवार: व्हर्बल १५, ॲबस्ट्रॅक्ट ५, क्वांट १९, लॉजिकल ३२.

१२ जानेवारी. मॉक २: ७९

सरांना विचारलं, रविवारी ऑफिसचा कॉम्प्युटर वापरू का. किल्ली दिली. अट एकच, एसी लावायचा नाही. जानेवारीत ती अट पाळणं सोपं आहे.

सोडवून बरोबर आले ६८, म्हणजे मागच्यापेक्षा तीन कमीच. ठोकून ११ मिळाले. रिकामे ७९ होते, पण भरायला घेतले शेवटची चार मिनिटं उरल्यावर. प्रत्येक प्रश्न उघडायचा, गोल भरायचा, सेव्ह करायचं, पुढचं पान यायची वाट बघायची. ५२ भरून झाले आणि वेळ संपली. २७ रिकामे राहिले ते राहिलेच.

दुरुस्ती: शेवटासाठी काही ठेवायचं नाही. प्रश्न सोडून पुढे जातानाच एक पर्याय भरून टाकायचा. परत यायला वेळ मिळाला तर बदलता येतो.

१४ जानेवारी, संक्रांत

इंग्रजी शब्दांचं पुस्तक आणलं, २५० रुपये. रोज ४० शब्द पाठ. ही नोंद नंतर भरलीय, म्हणून शेवटही इथेच सांगते: अकरा दिवस केलं आणि सोडलं. पहिल्या तीन मॉकमध्ये मिळून नुसत्या शब्दार्थाचे प्रश्न किती होते ते नंतर मोजलं, तर चार. त्या चारातला एकही शब्द माझ्या पाठ झालेल्यांत नव्हता. घरी आईने तिळगूळ वळताना दोनदा हाक मारली, मी "पाच मिनिटं" म्हणत शब्द घोकत बसले. ती संक्रांतही गेली आणि ते शब्दही.

१९ जानेवारी. मॉक ३: ७७

उतरला. तीन दिवसांनी २२ तारीख, जीएसटीआर-३बीची, म्हणजे जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची, वाढवून दिलेली शेवटची मुदत. शनिवारी रात्री साडेदहापर्यंत ऑफिसात होते, त्यामुळे थकव्यावर खापर फोडून मोकळी झाले. खरं कारण आठवड्याने कळलं.

२६ जानेवारी. मॉक नाही, नुसता हिशोब

चुकांची नोंद ठेवा, असं सगळेच सांगतात. मी आधी एक्सेलमध्ये नऊ रकान्यांचा तक्ता केला होता: विषय, उपविषय, चुकीचं कारण, काठिण्य वगैरे वगैरे. आठवड्यात कंटाळले. भरायलाच मॉकपेक्षा जास्त वेळ लागायचा. आणि त्यात फक्त चुकलेले प्रश्न होते.

आज शंभर पानी वही घेतली आणि कीर्द लिहितात तशी पानं आखली. नावे बाजूला खर्च झालेली मिनिटं, जमा बाजूला गुण. मॉक ३ चे सगळे प्रश्न, बरोबर आलेलेसुद्धा. सिरीजमध्ये प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ दिसतो, तो उतरवून काढला. अडीच तास गेले, पण गेल्या महिन्यातलं सर्वांत उपयोगी काम हेच.

निघालं ते असं. सोडवून बरोबर आलेले ६२. त्यातल्या २३ प्रश्नांना प्रत्येकी दोन मिनिटांच्या वर वेळ लागला होता. बेरीज ६८ मिनिटं. म्हणजे जवळजवळ निम्मा पेपर मी २३ गुणांवर घालवला, आणि हे सगळे प्रश्न 'बरोबर' असल्यामुळे माझ्या नऊ रकान्यांच्या तक्त्यात कधी आलेच नव्हते. वर ते सुटले याचा आनंद झालेला. एक वर्तुळाकार बैठकीचा सेट (एकाच अटींवर बेतलेले पाच प्रश्न) तर मी चार वेळा खोडून काढला होता आणि शेवटी जमला तेव्हा खुर्चीत उडी मारली होती.

दुसऱ्या बाजूला व्हर्बलचे शेवटचे ३० प्रश्न मी वाचलेही नव्हते, नुसते गोल भरले होते. ते आज घड्याळ लावून सोडवले. २२ मिनिटांत १९ बरोबर. ठोकून त्यांतले ६ आधीच मिळाले होते, तेव्हा निव्वळ नुकसान १३ गुणांचं. मराठी माध्यम म्हणून इंग्रजी शेवटी ठेवायचं हे मी न तपासताच धरून चालले होते. माझ्या बाबतीत सर्वांत स्वस्त गुण तिथेच होते.

एका गुणाचा भाव काय पडला, एवढंच यापुढे बघायचं.

२८ जानेवारी

क्वांटची नावे बाजू तपासली. पद्धत बहुतेक ठिकाणी येते, वेळ जातो तो आकडेमोडीत. दिवसभर बोटं नंबर पॅडवर असतात, टॅलीत बेरजा आपोआप होतात, तोंडी हिशोब गंजून गेलाय. परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही.

आजोबा हळदीच्या पेठेत अडत्याकडे दिवाणजी होते. जेवताना त्यांना विचारलं, "आजोबा, ६४८ चे साडेसदतीस टक्के?" भाताचा घास न थांबवता म्हणाले, "आठाने भाग, तीनाने गुण. दोनशे त्रेचाळीस." मग सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा म्हणायला लागले. सतरा सव्वा सव्वाएकवीस. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी, सगळं पाठ. आम्हाला शाळेत हे कुणी शिकवलं नाही आणि घरी आम्ही विचारलं नाही.

ठरलं: रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं आजोबांसमोर. टक्के आणि अपूर्णांकांच्या जोड्या (साडेबारा म्हणजे अष्टमांश, साडेसदतीस म्हणजे तीन अष्टमांश, सोळा पूर्णांक दोन तृतीयांश म्हणजे षष्ठांश) आणि ३० पर्यंतचे वर्ग. खर्च शून्य.

२ फेब्रुवारी. मॉक ४: ९६

दोन बदल केले. व्हर्बल सर्वांत आधी, आणि कुठल्याही प्रश्नाला ९० सेकंदांच्या वर नाही. एकदम १९ ची उडी. आनंद झाला, पण डोकं दुखलं. दर प्रश्नाला मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

९ फेब्रुवारी. मॉक ५: ९३

नव्वद सेकंदांचा नियम मी सेटनाही लावला. सात सेट होते, प्रत्येकी पाच प्रश्नांचे. सेटच्या अटी वाचून आकृती काढायलाच दोन-तीन मिनिटं जातात, त्यामुळे दीड मिनिट झालं की मी पळ काढत होते. दोनच सेट पूर्ण केले. म्हणजे आधी एका टोकाला होते, आता दुसऱ्या.

हिशोब साधा होता आणि मी केला नव्हता. पाच प्रश्न गुणिले ४५ सेकंद म्हणजे पावणेचार मिनिटं. सेटचा भाव पाच प्रश्नांवर विभागून लावायला हवा. व्हर्बलमध्ये वेळ वाचतोय, तेव्हा एका सेटला पाच मिनिटं परवडतात. त्यापुढे नाही, मग शेवटचीच खुर्ची उरलेली असली तरी.

कुठला सेट घ्यायचा हेही ठरवून टाकलं. अटींमध्ये निदान एक जण पक्क्या जागी बसलेला हवा: अमुक डाव्या टोकाला आहे, तमुक तिसऱ्या मजल्यावर राहतो. सगळ्याच अटी "हा त्याच्या उजवीकडे दुसरा, तो ह्याच्या शेजारी नाही" अशा असतील, तर पाच गोल भरून पुढे.

१६ फेब्रुवारी. मॉक ६: १०८

शंभरी पार. सेट पाच सुटले, एक अर्ध्यात सोडला. सोडताना हात थरथरत होता, खोटं नाही.

ॲबस्ट्रॅक्टमध्ये अजून ११ च. इथे चूक अशी की मी आकृती एकटक बघत बसते आणि काहीतरी "दिसेल" अशी वाट बघते. आता क्रम लावलाय: आधी मोजायचं (रेषा, ठिपके), मग दिशा, मग काळं-पांढरं, मग जागा. त्याहून जास्त उपयोग झाला तो पाच पर्याय एकमेकांशी ताडून बघण्याचा. पर्यायांत फरक फक्त बाणाच्या दिशेचा असेल, तर प्रश्नात बाण सोडून बाकी काही बघायची गरज नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी

३बी. अभ्यास नाही.

जाता जाता, अभ्यासिकेचे ६०० रुपयेही वाया गेले. महिन्यात नऊ दिवस गेले. ऑफिसातून सुटून तिथे पोचेपर्यंत आठ वाजायचे, आणि आजोबांची पंधरा मिनिटं बुडायची. पुढचा महिना भरला नाही.

२३ फेब्रुवारी. मॉक ७: ११२

क्वांट २५. तक्त्यांच्या प्रश्नात पैशापर्यंत अचूक जायची ऑफिसची खोड अजून गेलेली नाही. एक उदाहरण वहीत चिकटवलंय. ४,९८७ चे १९.८ टक्के. पर्याय: ८४७, ९१२, ९८७, १,०५४, १,१२०. मी रीतसर गुणाकार मांडला, दीड मिनिट. पाच हजारांचे वीस टक्के हजार, दोन्ही आकडे थोडे खाली ओढलेत, म्हणजे हजाराच्या जरा आत. ९८७. दहा सेकंदही लागू नयेत. सर मागून बघत होते. म्हणाले, "हे ऑडिटला नको करूस."

२ मार्च. मॉक ८: ९७

घाबरले. सोमवारी ऑफिसात लक्ष लागलं नाही.

झालं असं की बदल म्हणून दुसऱ्या एका सिरीजचे पाच पेपर घेतले, ३९९ रुपये. त्यांचं व्हर्बल लांबलचक उताऱ्यांचं आणि लॉजिकलचे सेट सहा-सहा अटींचे. जुन्या सिरीजशी तुलनाच होत नाही. ते मनाला समजावायला दोन दिवस लागले. मग वही उघडली तर एका गुणाचा भाव फारसा वाढलेला नव्हता, ज्या प्रश्नांना वेळ दिला ते बहुतेक बरोबर होते. पेपरच अवघड होता. खऱ्या परीक्षेतही वेगवेगळ्या सत्रांचे पेपर वेगळे असतात, म्हणून तर निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो.

तरी माझं मत असं: गुण वाढतात का हे बघायचं असेल तर एकाच सिरीजचे आकडे एका ओळीत ठेवा. दुसरी सिरीज घ्या, पण तिचा आकडा वेगळ्या पानावर. हे ३९९ वाया गेले म्हणणार नाही. वाईट पेपर आला तर कसं वाटतं याची तालीम झाली.

९ मार्च. मॉक ९: ११९

जुनी सिरीज. क्रम बदलून बघितला: व्हर्बल, ॲबस्ट्रॅक्ट, लॉजिकल, क्वांट. क्वांट शेवटी ठेवल्याचा फायदा असा की तिथे कुठल्याही क्षणी थांबता येतं. सेटच्या मधोमध वेळ संपली तर काढलेली आकृती फुकट जाते.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. मनगटी घड्याळ परीक्षेच्या खोलीत चालणार नाही, आणि पडद्यावरचं घड्याळ उलटं चालतं, किती उरले ते दाखवतं. मी दोन महिने "किती झाले" यावर सराव केला. आता घड्याळ घरी. व्हर्बलला ३२ मिनिटं, ॲबस्ट्रॅक्टला १५, लॉजिकलला ६०, क्वांटला ४०. कच्च्या कागदावर सुरुवातीलाच चार आकडे लिहायचे: ११८, १०३, ४३, ३. प्रत्येक विभाग संपवताना पडद्यावर निदान एवढे उरलेले असले पाहिजेत. मधे बघायचं नाही. डोकेदुखी थांबली.

१३ मार्च, होळी

पुरणपोळी. रात्री फक्त आजोबा.

१६ मार्च. मॉक १०: नोंद नाही

९४ व्या मिनिटाला लाइट गेली. ऑफिसच्या इन्व्हर्टरची बॅटरी कधीच बसलीय, ते कुणी मला सांगितलं नव्हतं. लाइट आल्यावर उघडलं तर मॉक जमा झालेली. ११३ प्रश्न झाले होते, ७४ बरोबर. उरलेले रात्री घरी सोडवून मोठा आकडा लिहायचा मोह झाला, पण तुकड्यांत दिलेल्या पेपरला आकडा लावायचा नाही. पान कोरं ठेवलंय.

२३ मार्च. मॉक ११: १२४

व्हर्बल ३६, ॲबस्ट्रॅक्ट १६, क्वांट २८, लॉजिकल ४४.

यातले ठोकून किती आले तेही मोजलं: ३८ जागी अंदाजाने भरलं, ९ लागले. दोन मिनिटांच्या वर वेळ खाल्लेले बरोबर प्रश्न फक्त ४. जानेवारीत हेच २३ होते. सर्वांत जास्त गुण याच रकान्यातून आले असं मला वाटतं. नवीन धडे मी फार शिकलेच नाही. प्रोबॅबिलिटी तर उघडलीही नाही.

आतापर्यंतचा खर्च: मॉक सिरीज १,२९९, दुसरी सिरीज ३९९, प्रिंटआउट ३४०, अभ्यासिका ६००, शब्दांचं पुस्तक २५०. एकूण २,८८८. त्यातले ८५० सरळ पाण्यात.

अजून न सुटलेलं: सिलॉजिझममध्ये (दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढायचे प्रश्न) "शक्यता आहे का" विचारतात ते. आठातले पाच चुकले. आकृती काढते तेव्हा बरोबर येतात, पण भाव दोन मिनिटं पडतो. न काढता केले की चुकतात. सध्या गोल भरून पुढे जातेय. इंग्रजी म्हणी आणि वाक्प्रचारांचंही तसंच, माहीत असेल तर पाच सेकंद, नसेल तर विचार करून काही हाती लागत नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

मॉक नाही. शेवटच्या दिवसांत आकडा कमी आला तर तो डोक्यात घेऊन जावं लागेल, म्हणून ठरवून टाळली. परीक्षा याच आठवड्यात.

उद्या ३१ मार्च, त्यामुळे पाडवा असूनही अर्धा दिवस ऑफिस. सरांनी परीक्षेच्या दिवशीची सुटी आजच लिहून दिली आणि वर ऐकवलं, "क्लोजिंगच्या आठवड्यातच बरी येते तुझी परीक्षा." प्रवेशपत्राच्या दोन प्रती काढल्या, ओळखपत्र पाकिटात घातलं.

श्रीखंड खाऊन झाल्यावर आजोबांनी औटकी सुरू केली. मी म्हटलं, "आजोबा, साडेतिनाचा पाढा सीईटीत येत नाही."

"असू दे पोरी," म्हणाले, "माझी म्हणून व्हायची आहे."

सात औटं साडेचोवीसपर्यंत ऐकलं आणि वही भरायला उठले.